परदेशात फिरताना आधी वार पाहावा

छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या माणसाला दोन गोष्टी पाठ असतात. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. पाहुणे येणार म्हटले की आम्ही आधी वार विचारतो आणि त्याप्रमाणे दोन्ही लेण्यांचा क्रम लावून देतो. तरीही एखाद्या मंगळवारी घृष्णेश्वराचे दर्शन आटोपून लेण्यांकडे आलेली गाडी फाटकाशी थांबलेली दिसते, आणि आत जाता येणार नाही हे कळल्यावर गाडीतील वडीलधाऱ्या माणसांचे उतरलेले चेहरे पाहवत नाहीत. हे सारे ठाऊक असूनही मागच्या मे महिन्यात मी स्वतः इटलीतील नेपल्स शहरात राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाच्या बंद दारासमोर उभी होते. ते संग्रहालयही मंगळवारी बंद असते, आणि तो मंगळवार होता. सोबत माझे पती आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई होत्या. ज्या एका वस्तूसाठी आम्ही रोमहून नेपल्सला आलो होतो, ती त्या दाराच्या आत होती. तिच्याविषयी पुढे लिहितेच.

त्या प्रवासानंतर शाळेतील सहकारी आणि नात्यातील मंडळी परदेशवारीची चौकशी करू लागली. बहुतेकांचा पहिला प्रश्न खर्चाचा असतो आणि दुसरा जेवणाचा. प्रत्यक्ष स्थळ कसे पाहायचे, हे कोणी विचारत नाही. मला मात्र तोच विषय सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण एवढे पैसे आणि एवढी रजा खर्च करून माणूस जातो ते स्थळ पाहण्यासाठीच.

पहिली गोष्ट अर्थातच वाराची. पॅरिसमधील लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते, तर ऑर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी. त्यामुळे लूव्र बंद असलेल्या मंगळवारी व्हर्सायला गर्दी वाढते. व्हॅटिकनची संग्रहालये रविवारी बंद असतात. फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती उघडी आणि विनामूल्य असतात, पण त्या दिवशीची रांग पाहता वयस्कर माणसे सोबत असतील तर तो दिवस टाळावा असेच मी सांगेन. बुधवारी सकाळी पोप यांची जाहीर भेट असते, तेव्हा सेंट पीटर्स चौकात गर्दी असते आणि तिथल्या बॅसिलिकात, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, जाण्यावर मर्यादा येतात. आम्हा शिक्षकांना सुट्टी मे महिन्यात मिळते, म्हणून आणखी एक तारीख लक्षात ठेवायला हवी. १ मे हा आपल्याकडे महाराष्ट्र दिन, तर तिकडे कामगार दिन, आणि त्या दिवशी लूव्रसह अनेक मोठी संग्रहालये बंद असतात.

आता मी निघण्यापूर्वी वहीच्या एका पानावर आडवे वार आणि उभी स्थळे असा तक्ता आखते, आणि प्रत्येक स्थळाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून बंद असलेल्या चौकटीत फुली मारते. विमानाचे तिकीट काढण्याआधी हे पान तयार असले, तर कोणत्या शहरात कोणत्या वारी उतरायचे हे आपोआप ठरते. नेपल्सच्या वेळी मी रोम आणि फ्लॉरेन्सचे सगळे पाहिले होते, पण नेपल्सला दोनच रात्री राहायचे म्हणून तिथली चौकशी वरवर केली होती. जिथे मुक्काम थोडा, तिथे चौकशी अधिक काटेकोर हवी, कारण चूक झाली तर सावरायला दुसरा दिवस हाताशी नसतो.

दुसरी गोष्ट तिकिटाची. आपल्याकडे लेण्यांच्या फाटकावर पोहोचून तिकीट काढण्याची सवय असते. युरोपातील मोठ्या स्थळांना आता वेळ ठरवून दिलेली तिकिटे असतात आणि ती घरबसल्या काढावी लागतात. रोमच्या कोलोसियमच्या तिकिटावर प्रत्येकाचे नाव छापलेले असते आणि प्रवेशद्वाराशी ते ओळखपत्राशी ताडून पाहतात. येथे मराठी माणसाने विशेष जपावे. पासपोर्टवर आपले नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव ज्या क्रमाने आणि ज्या स्पेलिंगने आहे, त्याच क्रमाने आणि स्पेलिंगने तिकिटावर लिहावे. घरात सगळे ज्या नावाने हाक मारतात ते नाव लिहू नये. कोलोसियमची तिकिटे साधारण तीस दिवस आधी विक्रीस येतात, आणि आयफेल टॉवरच्या लिफ्टची त्याहून आधी, साधारण साठ दिवस. मिलान येथील लिओनार्दोचे ‘अंतिम भोजन’ हे भित्तिचित्र पाहण्यासाठी एका गटाला पंधराच मिनिटे मिळतात आणि त्याचे आरक्षण फार लवकर संपते. आयफेल टॉवरची तिकिटे संपली असली तर निराश होऊ नये. दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्यांचा जिना आहे, आणि ज्याने जेजुरीचा गड चढला आहे त्याला तो जड जाऊ नये. गुडघे दुखत असतील तर अर्थातच ती गोष्ट वेगळी.

तिकीट काढताना शोधयंत्रावर सर्वांत वर दिसणारे दुवे बहुधा जाहिराती असतात. तेच तिकीट दुप्पट-तिप्पट दराने विकणारे मध्यस्थ त्यात असतात, म्हणून स्थळाच्या अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता नीट वाचून घ्यावा. व्हिसा हाती येण्यापूर्वी परत न होणारी तिकिटे काढू नयेत. युरोपातील बहुतेक देशांसाठी मिळून एकच असलेल्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण गर्दीच्या काळात ते पंचेचाळीसपर्यंत जाऊ शकतात. बोटांच्या ठशांसाठी आपल्याला मराठवाड्यातून पुण्याला किंवा मुंबईला जावे लागते, तेव्हा त्या फेरीचा दिवसही हिशेबात धरावा. किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवास आरोग्य विमा या व्हिसासाठी सक्तीचाच आहे. वडीलधाऱ्यांचा विमा काढताना त्यांना पूर्वीपासून असलेला रक्तदाब किंवा मधुमेह त्यात धरला आहे का, हे अटींमध्ये वाचूनच पैसे भरावेत.

वार आणि तिकीट जमले की उरतो प्रहर, आणि याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. वेरूळचे कैलास लेणे पश्चिमाभिमुख आहे. सकाळी तिथे दर्शनी भागावर सावली असते, आणि दुपारनंतर ऊन समोरून येऊ लागले की दगडातील एकेक आकृती उठून दिसते. ही गोष्ट मनात ठेवून मी काही वर्षांपूर्वी कंबोडियातील अंकोर वाट पाहिले. ते मंदिरही पश्चिमाभिमुख आहे. हजारो लोक पहाटे अंधारात जाऊन मंदिरामागून उगवणारा सूर्य पाहतात, आणि ते दृश्य सुंदर असते यात शंका नाही, पण तेव्हा मंदिर स्वतः काळी आकृती होऊन उभे असते. आम्ही दुपारी तीननंतर गेलो. पश्चिमेकडील ओवरीत कुरुक्षेत्राचे युद्ध कोरलेले आहे. त्यावर तिरपे ऊन आले होते आणि शरशय्येवरचे भीष्म आम्ही कोणाच्याही मदतीवाचून ओळखले. पूर्वेकडच्या ओवरीतील जवळपास ४९ मीटर लांबीचे समुद्रमंथन पाहायचे असेल, तर मात्र सकाळचा प्रहर बरा. तिथला पास संध्याकाळी पाचच्या सुमारास दुसऱ्या दिवसासाठी काढला, तर त्याच संध्याकाळी सूर्यास्तालाही आत सोडतात. एका दिवसाच्या पासात ही एक संध्याकाळ अधिकची मिळते.

लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडे असते. टूर कंपन्यांच्या बसगाड्या तोपर्यंत निघून गेलेल्या असतात. मोनालिसाचे चित्र जेमतेम ७७ बाय ५३ सेंटिमीटरचे आहे, हे आधी ठाऊक असले तर समोर गेल्यावर विरस होत नाही. त्याच दालनात तिच्या समोरच्या भिंतीवर व्हेरोनीज या चित्रकाराचे ‘काना येथील लग्न’ हे जवळजवळ दहा मीटर रुंदीचे चित्र आहे. बहुतेक लोक त्याच्याकडे पाठ करून उभे असतात. मी सर्वांना सांगते की मोनालिसाचे दर्शन झाले की वळून उभे राहावे.

स्वित्झर्लंडमध्ये तर प्रहरापेक्षा हवामान महत्त्वाचे. युंगफ्राउयोख हे रेल्वे स्थानक ३,४५४ मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. तिकीट बरेच महाग आहे आणि वर ढग असले तर पांढऱ्या धुक्यापलीकडे काही दिसत नाही. वरच्या कॅमेऱ्यांचे थेट चित्र संकेतस्थळावर पाहता येते. खाली मुक्काम असताना दोन-तीन दिवस राखून ठेवावेत, सकाळी उठल्याबरोबर ते चित्र पाहावे आणि आकाश स्वच्छ असेल त्याच दिवशी वर जावे. वर गेल्यावर हवा विरळ असते, तेव्हा पहिला अर्धा तास सावकाश चालावे आणि दम लागला की बसावे.

एका दिवशी किती पाहावे, याबद्दल माझे मत ठाम आहे. आमच्याकडे येणारे पाहुणे एकाच दिवसात दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, पाणचक्की आणि बीबी का मकबरा उरकतात. कैलास लेण्यासाठी त्यांच्याकडे चाळीस मिनिटे असतात आणि त्यातली वीस छायाचित्रांत जातात. तेच लोक युरोपात दहा दिवसांत सहा देश करून येतात आणि परतल्यावर कोणते चित्र कोणत्या शहरात पाहिले, ते त्यांना सांगता येत नाही. एका दिवशी एकच मोठे स्थळ ठेवावे, तेही सकाळी, आणि दुपारनंतर एखादी बाग, नदीकाठ किंवा बाजार. व्हॅटिकनच्या संग्रहालयांतून सिस्टिन चॅपेल या प्रार्थनागृहापर्यंत पोहोचायलाच बरेच चालावे लागते. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या चार वर्षांत रंगवलेले ते छत पाहायला पोहोचेपर्यंत माणूस इतका थकलेला असतो, की वर पाहण्याऐवजी तो बाहेरची वाट शोधतो. तिथे छायाचित्र काढायला मनाई आहे आणि भिंतीलगत बसायला बाके आहेत. कोणी उठले की तिथे बसावे आणि शांतपणे वर पाहावे. आम्ही पाऊण तास बसलो होतो.

सासूबाईंसाठी व्हॅटिकनमध्ये चाकाची खुर्ची मागितली. ती तिथे ओळखपत्र दाखवून विनामूल्य मिळते. पण त्या ऐकेनात. “माझे पाय धड आहेत, लोक काय म्हणतील?” असे त्यांचे म्हणणे होते. पतींनी त्यांना एवढेच सांगितले, “आई, पाय दुपारसाठी राखून ठेवू.” मग त्या बसल्या, आणि खुर्ची असल्यामुळे आम्हाला लिफ्टच्या मार्गाने नेण्यात आले. घरातील वडीलधाऱ्यांशी हे बोलणे निघण्यापूर्वीच करून ठेवावे, परक्या दारात उभे राहून करायची ही गोष्ट नव्हे. विमान कंपनीलाही खुर्चीची मागणी किमान अठ्ठेचाळीस तास आधी कळवता येते.

पायांवरून पादत्राणांचे सांगते. अश्विनात तुळजापूरला पायी जाणारे कोणी नवी चप्पल घालून निघत नाही. तोच नियम इथेही आहे, कारण दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणे सहज होते आणि रोमचे रस्ते काळ्या दगडी ठोकळ्यांचे आहेत. महिनाभर वापरलेले, मऊ तळाचे बूट न्यावेत. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर दारातून परत पाठवतात. पंजाबी पोशाखावरची ओढणी इथे अतिशय कामाची ठरते. बँकॉकच्या राजवाड्यातही पोशाखाचे नियम कडक आहेत. तिथे बाहेर कोणी अनोळखी रिक्षावाला “आज राजवाडा बंद आहे, मी दुसरे मंदिर दाखवतो” म्हणाला, तर त्याचे न ऐकता थेट फाटकापर्यंत जाऊन पाहावे. ही तिथली जुनी फसवणूक आहे.

पाण्याची बाटली बरोबर ठेवावी. रोममध्ये रस्तोरस्ती लोखंडी नळ अखंड वाहत असतात आणि त्यांचे पाणी पिण्याचे असते. स्वच्छतागृहासाठी अनेक ठिकाणी पैसे पडतात, म्हणून एक युरोची चार नाणी वेगळ्या खिशात असावीत आणि संग्रहालयातून निघताना तिथली सोय वापरूनच बाहेर पडावे. इटलीत कॉफी काउंटरपाशी उभ्याने घेतली तर स्वस्त पडते. मेजावर बसले की बहुतेक ठिकाणी वेगळा आकार लागतो. गर्दीच्या मेट्रोत आणि स्थानकांत पिशवी पोटावर घ्यावी, पासपोर्ट कपड्यांच्या आतल्या पाकिटात ठेवावा, आणि कोणी कागदावर सही मागू लागले किंवा मनगटाला दोरा बांधू लागले तर न थांबता पुढे चालावे.

खाण्याच्या बाबतीत मराठवाड्यातील माणसाला एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि भाजणी नेण्यास अडचण आली नाही, पण युरोपीय संघाच्या देशांत मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत, म्हणून पेढे, बर्फी आणि तुपाची बरणी घरीच ठेवावी. दुबई आणि सिंगापूरला खसखस नेणे हा गुन्हा आहे. आपल्या अनारशांवर खसखस असते आणि पुष्कळ घरांतल्या काळ्या मसाल्यातही ती भाजून घातलेली असते. मसाल्याचा डबा भरताना तो कोणी आणि कशाकशाचा केला, हे विचारून घ्यावे.

आता नेपल्सकडे वळते. त्या मंगळवारी आम्ही जुन्या शहरातील अरुंद गल्ल्यांतून फिरलो. बुधवारची, जवळच्या पॉम्पेई या प्राचीन शहराची तिकिटे आमच्या नावाने आधीच काढलेली होती. तिथे आता दिवसाला २०,००० जणांनाच प्रवेश असल्याने तो दिवस बदलणे धोक्याचे होते. नेपल्सच्या गारिबाल्दी स्थानकातून स्थानिक रेल्वेने पाऊण तासाच्या आत माणूस त्या शहराच्या फाटकाशी उतरतो. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडले गेलेले हे शहर सुमारे ६६ हेक्टरांवर पसरले आहे. सावली फार कमी आहे आणि मोठ्या पिशव्या आत नेऊ देत नाहीत, त्या फाटकाशी ठेवाव्या लागतात. सगळे पाहण्याचा हट्ट सोडून आम्ही नकाशावर पाच ठिकाणांना खुणा केल्या आणि तेवढीच पाहिली.

गुरुवारी रोममध्ये ठरवलेला दिवस आम्ही सोडून दिला, परतीची गाडी दुपारची घेतली आणि सकाळी नऊ वाजता संग्रहालयाच्या दारात उभे राहिलो. दार उघडल्यावर रोमन शिल्पांच्या भव्य दालनांत आधी शिरलो नाही. थेट त्या वस्तूकडे गेलो. काचेच्या पेटीत वीतभर उंचीची, हस्तिदंतात कोरलेली एक भारतीय स्त्री आहे. १९३८ साली पॉम्पेईतील एका घराच्या उत्खननात ती मिळाली, आणि त्या घराला आता तिच्यावरूनच ओळखतात. तिला पॉम्पेईची लक्ष्मी म्हणण्याची प्रथा पडली, पण ती लक्ष्मी असावी की यक्षी याबद्दल एकमत नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेरला मिळालेली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा आणि जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननात निघालेला मूर्तीचा तुकडा यांच्याशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे, आणि ती भोकरदनमध्येच, म्हणजे प्राचीन भोगवर्धनात, घडली असावी असेही मत मांडले गेले आहे. माझे माहेर भोकरदन तालुक्यात आहे. शाळेत मुलांना सातवाहनांचा धडा शिकवताना ही मूर्ती मी कितीदा तरी फळ्यावर काढली होती.

सासूबाई चष्मा कपाळावर सरकवून काचेजवळ वाकल्या. मूर्तीच्या डोक्यापासून खाली उभे छिद्र पाडलेले आहे, त्यामुळे ती एखाद्या आरशाची मूठ असावी असे काही जणांना वाटते. दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी आहेत, त्यांच्या हातात शृंगाराचे सामान आहे. सासूबाईंचे लक्ष मात्र बांगड्यांकडे गेले. मनगटापासून कोपरापर्यंत एकीला एक लागून बांगड्या आहेत आणि पायांतही तशाच वळ्यांवर वळी आहेत. “अगं, ह्या तर आपल्याकडच्या तांड्यावरच्या बायांसारख्या भरल्या आहेत,” त्या म्हणाल्या आणि काचेवर बोट न टेकवता एकेक बांगडी मोजू लागल्या. पहारेकरी बाई जवळ आली, तिने त्यांच्या नऊवारीकडे पाहिले, मूर्तीकडे पाहिले आणि काही न बोलता दोन पावले मागे सरली.

आम्ही त्या पेटीपाशी बराच वेळ होतो. नंतर अलेक्झांडरच्या लढाईचा मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेले चित्र, पाहिला, तळमजल्यावरची संगमरवरी शिल्पे धावती पाहिली, आणि दुपारच्या गाडीला अर्धा तास असताना स्थानकावर पोहोचलो. गाडीत बसल्यावर सासूबाईंनी विचारले, “त्या बाहुलीची जोडीदारीण तेरला आहे म्हणालीस ना? तिथले दार कोणत्या वारी बंद असते?”